चौथं कडवं

रविवारी दुपारी माझ्या घरात गोऱ्या लोकांवरून भांडण होतं. गोरे म्हणजे अमेरिकेतले, रॅप म्हणणारे. माझी नात सम्यका, घरात आम्ही तिला समू म्हणतो, ती रॅप लिहिते आणि तिचा मित्र ओंकार ते म्हणतो. ओंकार इथलाच, मोशीचा. ज्या जमिनीवर आमची सात मजल्यांची बिल्डिंग उभी आहे तिथं त्याच्या आजोबांची ज्वारी असायची. आता तो चाकणला गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीला आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो. मी भाजी निवडत ऐकते. मी चौथी शिकलेली बाई. इंग्रजी मला येत नाही, पण भांडण कुठलंही असो, समजतं.

समूचं म्हणणं असं, की रॅप काळ्या लोकांनी काढलं, त्यांच्या गल्लीत, त्यांनी खाल्लेल्या मारातून. मग गोरा आला आणि त्याला दुप्पट टाळ्या मिळाल्या. "पण त्याच्यात टॅलेंट हाय ना," ओंकार म्हणतो. "दम बघ की त्याचा. एका श्वासात किती शब्द घेतो. ते काय गोरं असल्यानं येतं व्हय?"

"टॅलेंट नाही असं मी म्हटलंच नाही. तेवढंच टॅलेंट असलेले दहा काळे त्याच गल्लीत होते. त्यांची नावं सांग."

"मला न्हाई माहीत."

"हेच ते."

"अगं पण काही जण घेत्यात की गुरूंची नावं. गाण्यात घेत्यात. जो घेतो त्याला तरी सोड."

"आणि जे घेत नाहीत? पन्नास वर्षांनी लोक कुणाचं म्हणून ऐकणार ते गाणं?"

मग ओंकार पाय खाली सोडतो. "आन् मी? मी कुठं तुझ्या वस्तीतला हाय? मग मी तुझं लिहिलेलं म्हणू का नको?"

"तुझं अजून ठरायचंय," समू म्हणते, आणि दोघं खिदळतात. मी हसत नाही. मला माझा बाप दिसतो, खुर्चीवरून अर्धा उठलेला. गेली कित्येक वर्षं तो तसाच अर्धा उठलेला आहे. त्याला ना पुरतं उभं करता येत ना खाली बसवता येत.

तेव्हा आम्ही पिंपरीत राहत होतो. नगरकडचं गाव सोडून आबा भट्टीच्या कंपनीत लागले आणि वर्षभरानं आई, मी आणि एक पत्र्याची पेटी असे आम्ही मागून आलो. पत्र्याचीच खोली, समोर मोरी, मोरीपुढं चूल. दिवसाचे भाग घड्याळानं नाही, कंपनीच्या भोंग्यानं पडायचे. भोंगा झाला की आई काटवटीतलं पीठ मळायला घ्यायची. दुसरा भोंगा होईपर्यंत भाकरी टोपल्यात पडलेली असायची. आबा ओतकामाला होते. वितळलेलं लोखंड बादलीतून वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा, वाळू झटकायची, आत चाक. घरी आले की त्यांच्या कपड्यांना जळक्या वाळूचा वास यायचा. तो वास आमच्या गोधडीला होता, माझ्या केसांना होता, भाकरीलासुद्धा असावा. आम्हाला तो कळायचा नाही. शाळेतल्या बाई मला मागच्या रांगेत बसवायच्या, तेव्हा कळला.

आबांची गायन पार्टी होती. पेटीवर सखाराममामा, म्हणजे आईचे चुलतभाऊ, ढोलकीवर दगडू, मागं कोरसला दोघं-तिघं आणि गाणारे आबा. गाणी आबांचीच. त्यांना लिहिता यायचं नाही. साच्यापुढं उभं राहून ते गाणं जुळवायचे आणि घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी मला सांगायचे, नाहीतर वास जातो तसं गाणंही जातं म्हणायचे. मी वहीत लिहून घ्यायची. आमच्या पार्टीत एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, ज्यानं गाणं केलं त्याचं नाव असायचंच. नाव आलं की कोरस ते तीनदा उचलायचा आणि गाणं करणारा मंडपात असेल तिथं उठून उभा राहायचा. हात जोडायचे नाहीत, मान झुकवायची नाही, नुसतं उभं राहायचं. आणि हे नावाचं कडवं तालमीत कधी म्हणत नसत. तालमीत तिसऱ्या कडव्याला थांबायचं. "नाव लोकांसमोरच घ्यायचं," आबा म्हणायचे. "खोलीत घेऊन काय उपेग? खोलीत समद्यांना ठावंच हाय मी कोण."

गळा मलाही होता. हे मी फुशारकीनं सांगत नाही, कारण त्याचा पुढं काही उपयोग झाला नाही. आबा दमले की कधी कधी मी ओळ उचलायची आणि सखाराममामा पेटी न थांबवता म्हणायचे, "इंदे, चहा ठेव." मुलीनं मंडपात गायचं नाही असं आबांनी कधी म्हटलं नाही, आणि गा असंही म्हटलं नाही. मी चहा ठेवायची.

मग आबांची छाती बिघडली. वाळू बसली छातीत, असं सगळे म्हणायचे. डॉक्टर वेगळं काही नाव घ्यायचा, पण उपाय त्याच्याकडंही नव्हता. आई सकाळ-संध्याकाळ हुलग्याचं माडगं करून पाजायची. आबा एक ओळ म्हणायचे आणि दुसरीला खोकायचे. खोकला असा, की पत्रा वाजायचा. चौदा एप्रिलची जयंती दोन महिन्यांवर होती, आणि त्या वर्षी मंडपात पलीकडच्या वस्तीच्या पार्टीशी सामना ठरलेला होता. दोन पार्ट्यांनी आळीपाळीनं गायचं आणि लोकांनी ठरवायचं कोण सरस. गाणारा कुणी नव्हता. मला वाटत होतं, आता तरी आबा माझ्याकडं बघतील. त्यांनी श्रीधरला आणलं.

श्रीधर कंपनीत अप्रेंटिस होता, चिंचवड गावातला, ब्राह्मणाचा. वीस-एकवीस वर्षांचा, हडकुळा, मनगटं शर्टाच्या बाहेर आलेली. आबांना तो काम करताना गुणगुणताना सापडला होता, आणि गुणगुणत होता आबांचंच गाणं, भट्टीवर ऐकून उचललेलं. पहिल्या रविवारी तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक पितळी पेला होता. पेल्यावर ठोक्याठोक्यांनी त्याचं नाव घातलेलं. आई त्याच्यासाठी पाणी घेऊन आली तर त्यानं तो पेला पुढं केला आणि स्वतःच लाल झाला. "आईनं दिलाय," म्हणाला. "बाहेर आपल्याच पेल्यानं पी म्हणते."

सखाराममामांनी पेटीचा भाता दाबला, भसकन हवा गेली. "बघा केरूभाऊ. पाणी चालंना, गाणं चालतंय."

"राहू दे रं," आबा म्हणाले. "सवय हाय, हळूहळू जाईल. गा रं पोरा."

तो गायला. मला आजही वाईट वाटतं हे लिहिताना, पण लिहिते: तो माझ्या बापापेक्षा चांगला गात होता. माझ्यापेक्षाही. आबांच्या गळ्यात जोर होता, याच्या गळ्यात जोर होता आणि वर पाणी होतं. 'भट्टी' हा शब्द त्यानं असा म्हटला, की दगडूचा हात ढोलकीवर थांबला. आणि त्याला भट्टीपुढं उभं राहायला लागून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तिसऱ्या रविवारी त्यानं पेला आमच्या खिळ्याला अडकवला आणि आमच्या तांब्यानं पाणी प्यायला. नंतर पेला तिथंच राहिला.

वस्तीत मात्र धुसफूस सुरू झाली. आज समू आणि ओंकार जे बोलतात, त्यातलं एकही वाक्य मला नवं नाही. सगळं मी नळावर ऐकलेलं आहे. बाया म्हणायच्या, गोड गातो हं पोरगा, आणि आपल्यात येऊन जेवतोसुद्धा. सखाराममामा म्हणायचे, "आपलं पोरगं गायलं तर त्यात काय, गातंच. त्याचं गायलं तर नवाल! आपल्या घामाचा वास येतो म्हणून ज्यांनी नाक धरलं, त्यांनी तोच घाम सुरात म्हणला की टाळ्या." दगडू म्हणायचा, "मामा, सूर हाय त्याच्याकडं. तुमी पेटी वाजवता, तुमाला कळत न्हाई का?" मामा म्हणायचे, "कळतं म्हणून तर पोटात दुखतं." आबा खाटेवर पडून ऐकायचे. एकदाच म्हणाले, "गळा त्याचा, गाणं माझं. गाण्यात नाव माझं येणार हाय ना? मग गळा कुणाच्या का घरचा असंना."

जयंतीसाठी आबांनी नवं गाणं केलं. ते शेवटचं ठरलं. खोकत खोकत, तीन संध्याकाळी लागल्या सांगायला. धृपद असं होतं:

लोखंड पाणी झालं गं बाई, लोखंड पाणी झालं
साच्यासाच्यात माणूस ओतून घरी कोण हे आलं?

तीन कडवी भट्टीची. आणि चौथं नावाचं:

चाकावरती नाव कुणाचं? चाकावर कंपनीचं
गाण्यावरती नाव राहू दे भट्टीवाल्या केरूचं

हे सांगून झाल्यावर आबा खाटेवर आडवे झाले. मग म्हणाले, "हे कागदावर उतरून दे श्रीधरला. वळणदार काढ." पुढं म्हणाले, "त्याच्या तोंडून नाव आलं की लई लांब जाईल बघ." मी वही मिटली. माझ्या तोंडून का नाही, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. चुलीपुढं बसून वहीतला कागद फाडला आणि तीन कडवी उतरवली. चौथं उतरवलं नाही.

असं का केलं, याची कारणं मी आयुष्यभर बदलत आले. कधी म्हणते, त्याच्या तोंडी आपल्या बापाचं नाव नको वाटलं, त्याच्या घरी आमचं नाव घेऊन काय बोलत असतील कोण जाणे. तेरा वर्षांच्या पोरीला तेवढा स्वाभिमान असतो. पण खरं तसं नाही. खरं एवढंच, की तो माझ्यापेक्षा चांगला गात होता आणि मला त्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं. माझ्या हातात तेवढंच होतं.

त्यानं कागद वाचला. उलटा करून मागचं बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

"यात केरूकाकांचं नाव कुठंय? तू दिलेल्या बाकीच्या कागदांत असतं ना शेवटी?"

"आजारी माणसाचं नाव गाण्यात घेत नाहीत," मी म्हटलं. "आमच्यात असंच असतं."

असं काहीच नसतं. मी ते तिथल्या तिथं बनवलं. पण आमच्यात काय असतं आणि काय नसतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं लगेच मान हलवली, जणू आपलंच काहीतरी चुकलं. "हो का? बरं झालं सांगितलंस." आणि कागदाची चौघडी करून खिशात ठेवली. तालमी तिसऱ्या कडव्याला थांबायच्या, रीतच होती. कुणाला काही कळलं नाही.

सामना चार वाजता सुरू झाला, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचं होतं सगळ्यांना. ऊन अजून कडक होतं. मंडपाच्या कापडातून ते निळं होऊन खाली पडलं होतं आणि सगळ्यांची तोंडं निळी दिसत होती. आबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं आणि पुढं ठेवलं. आईनं त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं होतं. पलीकडची पार्टी चांगली गायली. मग श्रीधर उभा राहिला. लोक आधी कुजबुजले, मग गप्प झाले. पहिल्या कडव्याला बायांनी पदर तोंडाला लावले. दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या पार्टीचा ढोलकीवाला आपल्याच मांडीवर ठेका धरायला लागला. तिसरं कडवं संपत आलं तेव्हा आबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले. मी त्यांच्या मागं तीन पावलांवर होते. मला त्यांची मान दिसत होती, तिच्यावर ताणलेली शीर दिसत होती. ते उठायला लागले. आजारी माणूस, आधार घेत, सावकाश, अर्धे उठले.

श्रीधरनं धृपद परत म्हटलं आणि गाणं संपवलं.

टाळ्या अशा झाल्या, की मंडपाचं कापड हललं. कोरसवाले तोंड उघडून नावाची वाट बघत होते, त्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. आबा अर्धे उठलेले होते. टाळ्या संपेपर्यंत ते तसेच होते. मग ते खाली बसले. सामना आम्ही जिंकलो. लोकांनी श्रीधरला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर सखाराममामा त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आले. आबा खाटेवर, आई चुलीशी, दगडू दारात. "नाव का गिळलंस?" मामांनी विचारलं.

"कुठलं नाव?"

"केरूभाऊचं! शेवटचं कडवं का म्हणला न्हाईस? टाळ्या वाटून घ्याव्या लागल्या असत्या म्हणून?"

श्रीधरनं खिशातून कागद काढला. "मामा, माझ्याकडं आहे तेवढं सगळं म्हटलं मी. हा बघा." मामांनी कागद हातात घेतला. मामांना सहीपुरतं यायचं. दगडूला तेवढंही नाही. आईला आणि आबांना अंगठा. त्या खोलीत वाचता येणारी दोनच माणसं होती, तो आणि मी. मामांनी कागद माझ्याकडं दिला. "वाच गं इंदे. मोठ्यानं वाच. किती कडवी हायेत त्यात?"

मी कागद धरला. माझंच अक्षर. पहिलं कडवं वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. खाली कोरा कागद होता. मी मान वर केली नाही. कोऱ्या कागदावर नजर ठेवली आणि चौथं वाचलं:

"गाण्यावरती नाव राहू दे भट्टीवाल्या केरूचं
चाकावरती नाव कुणाचं? चाकावर कंपनीचं."

भीतीनं ओळी उलट झाल्या. कंपनी शेवटी आली.

"झालं?" मामा म्हणाले. "लिहून दिलं हुतं. चोर म्हणतात तो ह्यो."

मी कागद घट्ट धरला होता. श्रीधरला तो माझ्या हातातून काढून घ्यायला एक पाऊल पुरे होतं. मला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. राग असता तर मी विसरले असते. त्यानं आबांकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चुकलं माझं. ऐनवेळी विसरलो." मग वाकून आबांच्या पायाला हात लावला आणि गेला. पेला खिळ्यालाच राहिला. त्या दिवसापासून तो वस्तीत आला नाही. कंपनीतही त्यानं दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली असं दगडूनं सांगितलं.

सगळे गेल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी खोकून घेतलं, आणि म्हणाले, "वळी उलट्या वाचल्यास." एवढंच. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यांच्या गाण्यातली ओळ लिहिताना मी कधी चुकवली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मग कागदावर उलट कशी असेल, हा विचार त्यांच्या मनात आला की नाही? आला असेल तर त्यांनी मला का सोडलं? महिना उलटायच्या आत ते गेले. ते भिंतीकडं तोंड करून काय विचार करत होते, हे मी रोज ठरवते आणि रोज ते वेगळं निघतं.

पुढं वस्तीत हेच चाललं, की बामणानं केरूचं नाव खाल्लं. श्रीधर पुढं गाणारा झाला, कार्यक्रम करायचा, रेडिओवरही यायचा, असं कानावर यायचं. त्याचा आवाज लागला की मी रेडिओ बंद करायची. नवऱ्याला वाटायचं, बापाच्या चोरावर राग आहे. त्याला मी खरं सांगितलं नाही. मुलालाही नाही. चूक कबूल करायला एक वेळ असते असं मला वाटायचं, आणि ती वेळ त्या खोलीतच निघून गेली होती. वही पवनेच्या पुरात भिजून लगदा झाली. पेला तेवढा राहिला. घरं बदलली, खिळे बदलले, पेला आला माझ्याबरोबर.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी ओंकारनं पाणी मागितलं आणि समूनं त्याला त्याच पेल्यात दिलं. त्यानं नाव वाचलं. "आजी, ह्ये श्रीधर कोण?" मी म्हटलं, होता एक गाणारा. समूनं लगेच फोन काढला. या पोरांना नाव कळलं की शोधल्याशिवाय राहवत नाही. बराच वेळ काय काय टाकत होती. मग म्हणाली, "आजी, भट्टीवरचं एक गाणं आहे याचं. जुनं रेकॉर्डिंग." मी बंद कर म्हणायच्या आत तिनं लावलं.

म्हातारा झालेला आवाज होता, पण वरचं पाणी तसंच. एक कडवं, दोन, तीन. धृपद. मी भाजी खाली ठेवली. तिसऱ्यानंतर तो थांबला. रेकॉर्डिंगमध्ये नुसता श्वास ऐकू आला. मग त्यानं म्हटलं:

गाण्यावरती नाव राहू दे भट्टीवाल्या केरूचं
चाकावरती नाव कुणाचं? चाकावर कंपनीचं

उलटं. जसं मी त्या खोलीत कोऱ्या कागदावरून वाचलं होतं, अगदी तसं. एकदाच ऐकलेलं, ते त्यानं जन्मभर सांभाळलं, माझ्या चुकीसकट. आम्ही ज्याला नाव खाणारा म्हणत होतो, तो गावोगाव माझ्या बापाचं नाव घेत फिरला आणि मी रेडिओ बंद करत बसले.

समू म्हणाली, "केरू म्हणजे आपले केरू? पणजोबा?" ओंकार म्हणाला, "बघ, नाव घेतलं का न्हाई गड्यानं! आन् कंपनीवर संपवलंय. लई लागतं राव ते." मी म्हटलं, "त्यानं नाही संपवलं. मी संपवलं." आणि मग सांगितलं सगळं, आत्ता लिहिलं तसंच. समूचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, रडायचं कारण नाही, रडून कागद भरत नाही. तिनं पुन्हा फोन उचलला. मग म्हणाली, "आजी, तो जिवंत नाहीये आता." तेही फोनमध्ये होतं.

यंदाच्या जयंतीला ते दोघं पिंपरीत मंडपात उभे राहणार आहेत. आबांच्या गाण्यावर समूनं स्वतःचं काही रचलंय. गाणं ओंकार म्हणणार. त्याचं अजून ठरायचंय असं समू आता म्हणत नाही. परवा तो आला, म्हणाला, आजी, गाणं लिहून द्या, फोनमधलं कंपनीवर संपतंय, केरूबाबांचं कसं हुतं तसं द्या. मी चष्मा लावला. समूच्या वहीतला कागद घेतला आणि वळणदार काढत बसले. आता वेळ लागतो. धृपद, पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं. चाक आधी, केरू शेवटी. कागद त्याच्या हातात दिला. तो घडी घालून खिशात ठेवायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "आधी वाच. मोठ्यानं. शेवटपर्यंत."

तो हसला. "काय आजी, विश्वास न्हाई व्हय माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे," मी म्हटलं. "लिहिणारीवर नाही. वाच."